दोन चाव्या की एक

"बाई, हे दोन कागद. ह्यातलं एक सॉफ्टवेअर घ्यायचं. कुठलं ते तुम्ही सांगायचं," असं म्हणून अण्णांनी दोन कोटेशनं माझ्या ड्रॉइंग बोर्डवर ठेवली. बोर्ड तिरका असतो हे आमच्या मालकांना वीस वर्षांत उमगलं नव्हतं. दोन्ही कागद घसरून माझ्या पायाशी आले.

मी ते उचलले आणि म्हणाले, "ओतारीकाका सीनियर आहेत, अण्णा. त्यांना विचारा."

"विचारलं की. ते म्हणाले, शिंत्रेबाईंना विचारा."

समोरच्या बोर्डवर ओतारीकाका पेन्सिलीला टोक काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

ही २००२ सालची गोष्ट. कोल्हापूरजवळ शिरोलीला भूपालअण्णा चौगुल्यांचा पाण्याच्या पंपांचा कारखाना होता आणि त्याच्या माडीवरच्या ड्रॉइंग हॉलमध्ये आम्ही दोनच माणसं होतो. काका आणि मी. बिडाचा पंप ओतायचा तर आधी त्याचा लाकडी पॅटर्न करावा लागतो, आणि पॅटर्न करायचा तर आधी कागदावर ड्रॉइंग लागतं. ते आमचं काम. आजूबाजूच्या कारखान्यांत एव्हाना कॉम्प्युटर आले होते, गिऱ्हाइकं फ्लॉपीत ड्रॉइंग मागायला लागली होती, आणि आमच्याकडे फ्लॉपी नाही म्हणताना अण्णांचा चेहरा पडायला लागला होता.

अण्णा मला जिन्यापर्यंत घेऊन गेले. तिथं त्यांनी आवाज खाली आणला.

"दोन्हीला पैसे सारखेच पडत्यात. पहिल्यात दोन कॉम्प्युटर, दोन चाव्या. पण ते सपाट. तुम्ही बोर्डवर काढता तसंच पडद्यावर काढायचं. दुसरं थ्री-डी. त्यात सबंध पंपच उभा करायचा आणि पाहिजे तिथं कापून बघायचा. ते महाग, म्हणून एकच चावी."

चावी म्हणजे कॉम्प्युटरच्या पाठीमागं खोचायची बोटाएवढी वस्तू. ती असल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडायचंच नाही. जितक्या चाव्या तितकीच माणसं काम करणार.

"आणि एकच चावी घेतली तर काका?" मी विचारलं.

"चार वर्षं राहिलीत त्यांची. खाली स्टोअरमध्ये बसवू. बाहेर नाही काढणार मी त्यांना." अण्णा दोन पायऱ्या उतरले आणि परत वळले. "पण माझ्याकडं बघून ठरवू नका आणि ओतारींच्याकडं बघूनही ठरवू नका. कामाचं कुठलं ते सांगा. पंधरा दिवस घ्या."

सांगायला सोपं होतं. मी कुणाकडं बघणार होते दुसऱ्या?

माझं गाव आजऱ्याकडचं. आई गेल्यावर तिथं कुणी उरलं नाही. भाऊ सुरतेला, त्याचं पत्र दिवाळीच्या सुमाराला यायचं आणि त्यात खुशालीशिवाय काही नसायचं. लग्नाचं जमता जमता राहिलं आणि मग राहूनच गेलं. राजारामपुरीत एका खोलीत मी भाड्यानं राहत होते. कारखान्यात एकशे चाळीस माणसं आणि त्यांत बाई मी एकटी. पहिल्या आठवड्यात एकदा कँटीनला गेले, तर सगळ्यांचं बोलणं थांबलं. परत गेले नाही. सोळा वर्षं काका आणि मी आपापल्या बोर्डशी बसून डबा खात होतो. काका मुळातच अबोल, त्यातून मी कामाला लागले त्याच वर्षी त्यांची बायको वारली, त्यानंतर तर आणखीच. दिवसाकाठी दहा वाक्यं बोलायचे. "आज भेंडी का?" "पाऊस धरलाय." "ही रेघ जाड झाली, शिंत्रेबाई." त्या दहा वाक्यांवर माझा दिवस निघायचा, हे मी तेव्हा कुणाजवळ कबूल केलं नसतं.

पहिल्या सॉफ्टवेअरवाल्यानं तीन दिवस मशीन आमच्या हॉलमध्ये लावून दिलं. काकांना मी पुढं बसवलं. माऊस टेबलाच्या कडेला गेला की ते तो उचलून हवेत धरायचे आणि पडद्यावरचा बाण का थांबला म्हणून रागानं बघायचे. पहिल्या दिवशी मी तोंडावर पदर धरून हसून घेतलं. दुसऱ्या दिवशी हसायची सोय राहिली नाही. छप्पन्न वर्षांच्या त्या माणसानं सकाळभरात रेघ, वर्तुळ, कमान, मापं सगळं बसवलं आणि संध्याकाळी एका झाकणाचं ड्रॉइंग छापून माझ्यासमोर धरलं.

"पेन्सिलच की ही. नुसती झिजत नाही एवढंच," ते म्हणाले. इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मला तेव्हाच अण्णांकडं जाऊन दोन चाव्यांचं घ्या म्हणून सांगता आलं असतं. पण पुढच्या आठवड्यात पुण्याचा थ्री-डीवाला आला.

त्यानं पडद्यावर एक पंप उभा केला आणि माऊसनं तो फिरवला. मागून, खालून, पोटातून. सोळा वर्षं मी पंप काढत होते, पण सगळा पंप मला फक्त डोळे मिटल्यावर दिसायचा. कागदावर त्याचे तुकडे असायचे, एक वरून पाहिलेला, एक बाजूनं, एक कापलेला. ते तुकडे डोक्यात जोडत बसायचं हीच आमची विद्या. आणि इथं तो आख्खा समोर फिरत होता. मला ते हवं झालं. एखाद्या पोरीला जत्रेतली बाहुली हवी होते तसं हवं झालं, आणि छत्तिसाव्या वर्षी तसं वाटल्याची लाजही वाटली.

मी स्वतःला शहाणपणा शिकवला. दोघांनाही एकच काम देऊन बघू म्हटलं. आमच्या सहा इंची पंपाच्या कवचाचं ड्रॉइंग कपाटातून काढलं. सगळ्यात जास्त खपणारा पंप तो. कागदाखाली सही काकांची, 'काढणार'च्या रकान्यात आणि 'तपासणार'च्याही रकान्यात. तारीख १९७९ ची. अक्षर त्यांचंच, आकडे छापल्यासारखे.

सपाटवाल्यानं दीड दिवसात त्याची देखणी नक्कल करून दिली. थ्री-डीवाल्या मुलाला तीन दिवस लागले, आणि तिसऱ्या दिवशी त्यानं मला हाक मारली.

"मॅडम, हे ड्रॉइंग चुकलंय."

"ते कवच गेली वीसेक वर्षं ओततोय आम्ही," मी फणकाऱ्यानं म्हणाले.

"असेल मॅडम, पण हे बघा ना." त्यानं पंप फिरवून मधोमध कापला. पाणी बाहेर वळतं तिथली भिंत कागदासारखी दिसत होती. "इथं भिंत दोनच मिलिमीटर येते. कापलेल्या चित्रात तुम्ही दहा दाखवलीय. वरून पाहिलेल्या चित्रात आतल्या कमानीचं केंद्र आठनं सरकलंय. दोन्ही चित्रं एकाच वस्तूची असूच शकत नाहीत."

मी कागदावर पट्टी लावून बघितलं. पोरगं खरं बोलत होतं. सपाट ड्रॉइंगमध्ये दोन चित्रं शेजारी शेजारी सुखानं राहू शकतात, एकाचं दुसऱ्याला कळत नाही. थ्री-डीत वस्तू एकच असते, तिथं खोटं चालत नाही. दोन्हींतला फरक मला त्या क्षणी पुरता कळला, आणि कामाचं कुठलं तेही कळलं.

तो मुलगा चहाला गेल्यावर मी ड्रॉइंग काकांच्या बोर्डवर पसरलं.

"काका, ही कमान बघा. चुकलीय ना?"

त्यांनी चष्मा वर केला. बघायला त्यांना फार वेळ लागला नाही. "हं. चुकलीय."

"तुमच्याकडून कशी झाली ही?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "सही कुणाची आहे खाली?"

"तुमची."

"मग?" असं म्हणून ते पुन्हा आपल्या कामाकडं वळले. थोड्या वेळानं म्हणाले, "मशीन चांगलं आहे ते. अण्णांना सांगायचं असेल तर सांगा."

आता इतक्या वर्षांनी मी त्या दुपारवर पांघरूण घालणार नाही. मला कुणी सक्ती केली नव्हती. थ्री-डी का चांगलं, हे मला चूक न दाखवताही सांगता आलं असतं. पण अण्णांना एकदम पटेल असा दुसरा पुरावा माझ्याकडं नव्हता, आणि मला ती चावी हवी होती. स्टोअरमध्ये गेले तरी काका कारखान्यातच राहणार, जिना उतरला की दिसणार, अशी मी माझी समजूत घातली. पंधराव्या दिवशी मी ते ड्रॉइंग घेऊन अण्णांच्या केबिनमध्ये गेले.

अण्णांनी काकांना बोलावून घेतलं.

"ओतारी, हे खरं का?"

"खरं आहे."

"इतकी वर्षं चुकीच्या कागदावर पंप ओततोय आपण? एकसुद्धा फुटला कसा नाही मग?"

"नशीब," काका म्हणाले.

अण्णा आरडाओरडा करतील असं वाटलं होतं, तसं झालं नाही. त्यांनी फक्त ड्रॉइंगची गुंडाळी केली आणि माझ्या हातात दिली. "एका चावीचंच घेऊ, बाई," ते म्हणाले.

काका स्टोअरमध्ये गेलेच नाहीत. महिन्याची नोटीस देऊन त्यांनी राजीनामा दिला. लेक निपाणीला दिलेली, तिच्याकडं जाऊन राहणार म्हणाले. ते निघाले त्या दिवशी पुण्याचा मुलगा मशीन बसवत होता आणि मला सारखं काहीतरी विचारत होता. टेबल खिडकीशी की भिंतीशी, अर्थिंग कुठलं. काका दारात येऊन उभे राहिले. हातात एक पिशवी होती.

"येतो मग, शिंत्रेबाई."

पोरासमोर रडू फुटेल या भीतीनं मी पटकन म्हणाले, "बरं. सावकाश जा."

ते क्षणभर थांबले आणि गेले.

त्यांचा बोर्ड आठवड्याभरात उचलून नेला. मला काचेची केबिन झाली, थंड हवेचं मशीन लागलं, ते दिवसभर घुंई करायचं. जेवताना समोर भिंत. आवाज म्हणून कुणाचा नाही. एकदा पाऊस धरलाय हे मी मोठ्यानं म्हणाले आणि माझ्याच आवाजाला दचकले.

काम मात्र झकास चाललं होतं. पहिलं काम मी काय केलं असेल, तर ते कवच दुरुस्त केलं. कमान जागेवर आणली, भिंत सगळीकडं दहा मिलिमीटर झाली, आणि स्वच्छ छापलेलं ड्रॉइंग पॅटर्न शॉपला पाठवलं. जुना पॅटर्न झिजलाच होता. तातोबा सुतारानं नवीन केला, ओतकाम झालं, आणि पहिला पंप चाचणीला लागला. पाणी निम्मंच. दुसरा लावला, तोही तसाच.

अण्णा माझ्या केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. "मशीन चुकलं का माणूस, बाई?"

पंप कापून बघितला. पाणी वळतं तिथली भिंत अठरा मिलिमीटर झाली होती, आतली वाट आवळून गेली होती. मी ड्रॉइंग घेऊन तरातरा पॅटर्न शॉपमध्ये गेले. तातोबा रंधा मारत होता. त्याच्या हयातीत त्या कारखान्यातला एकही पॅटर्न दुसऱ्या कुणी केला नव्हता.

"तातोबा, इथं दहा लिहिलंय. अठरा कुठून आलं?"

तातोबानं कागद लांब धरून बघितला. "सहा इंचीच न्हवं हे? मग आठ भरलं की मी, न्हेमीपरमानं."

"नेहमीप्रमाणं म्हणजे?"

"म्हंजी ह्या कोपऱ्यात कागदापरीस आठ जादा भरायचं. काकांनी सांगून ठिवलंय. आजवर तीनदा केला ह्यो पॅटर्न, तिन्ही खेपंला सोता खाली येऊन सांगून गेलं. आत्ता काका न्हाईत, तर म्हटलं आपुनच ध्यान ठिवावं."

मला काही कळेना. "त्यांना चूक ठाऊक होती? मग त्यांनी ड्रॉइंग का नाही दुरुस्त केलं?"

तातोबानं रंधा बाजूला ठेवला. बोलावं की नको असं त्याचं चाललं होतं.

"दुरुस्त कराय रजिस्टरात ल्ह्यावं लागतंय. कुनी चूक केली, का केली, त्यावर मालकाची सही. काका न्हाई म्हनालं. म्हनालं, पोरगी नवीन हाय, अजून कायम झाली न्हाई. आधीच मालक बाईमानूस नको म्हनत हुतं. हे त्यांच्या म्होरं गेलं तर दुसऱ्या दिवशी घरी धाडत्याल तिला."

"कुठली पोरगी?" मी विचारलं. विचारता विचारताच मला उत्तर कळलं होतं.

"तुमीच की, बाईसाब. दुसरी कंची पोरगी आली हुती हितं?"

कामाला लागले त्या पहिल्या वर्षी काकांची बायको मिरजेला दवाखान्यात होती. पंधरा दिवस हॉल माझ्या एकटीवर होता. जुनी फाटकी ड्रॉइंगं नव्या कागदावर उतरून काढायचं काम काका मला देऊन गेले होते. नक्कल करताना जुनी तारीख तशीच ठेवायची, आणि शिकाऊ माणसानं सही करायची नाही, सही सीनियरची, ही आमच्याकडची रीत. अक्षरही त्यांच्यासारखंच काढायचं. त्यासाठी त्यांनी मला तीन महिने नुसते आकडे गिरवायला लावले होते. मी ते इतकं घटवलं की सोळा वर्षांनी माझंच अक्षर मला त्यांचं म्हणून दिसलं. त्या पंधरा दिवसांत मी साठेक कागद उतरून काढले असतील. बायकोचे दिवस उरकून काका परत आले आणि त्यांनी सगळ्यांवर एका बैठकीत सह्या केल्या. त्यावेळी त्यांना त्यात काय दिसणार होतं! तातोबाला लाकूड कापताना दिसलं, तो माडीवर सांगायला आला, आणि काका त्याला घेऊन परत खाली गेले.

मी त्याच रविवारी निपाणीला गेले. काका अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मला बघून ते गडबडीनं उठले, लेकीला हाक मारली, पाणी मागवलं. लेकीनं पोहे केले. ती आत गेल्यावर मी म्हणाले, "तातोबानं सांगितलं मला."

"त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही," काका म्हणाले.

"माझी चूक होती, काका. मी ती तुमची म्हणून अण्णांसमोर ठेवली. तुम्ही तिथं गप्प का राहिलात? माझ्याकडं बोट का नाही केलंत?"

"न तपासता सही मी केली. मग चूक माझीच की."

"तुमची खुर्ची गेली त्यात. मी घालवली."

आत भांडी वाजत होती. मी रडत होते आणि ते माझ्याकडं न बघता समोरच्या रस्त्याकडं बघत होते.

"चुकीचं काय घेऊन बसलात, शिंत्रेबाई," ते शेवटी म्हणाले. "सॉफ्टवेअर तुम्ही योग्य तेच निवडलंत. मी असतो तर तेच निवडलं असतं. त्याचं मला काही वाटलं नाही." त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "नोटिशीचा महिना होता मधे. सबंध महिना. मला वाटायचं, आज म्हणतील, उद्या म्हणतील."

"काय म्हणायचं होतं मी?"

"राहा म्हणून."

मला तोंड वर करवेना.

"म्हटलं असतं तर राहिला असतात?"

"स्टोअरमध्येसुद्धा राहिलो असतो," काका म्हणाले. "बोल्ट मोजत."

मग त्यांनी नातीला बोलावून मला नमस्कार करायला लावला आणि तिची शाळा, निपाणीचं पाणी, असलं काहीबाही बोलत राहिले. सोळा वर्षांत ते माझ्याशी जेवढे बोलले नव्हते तेवढं त्या तासाभरात बोलले. स्टँडपर्यंत सोडायला आले. पुन्हा या म्हणाले. मी दोनदा गेले, तिसऱ्यांदा जायच्या आत ते गेल्याचं त्यांच्या लेकीचं कार्ड आलं.

पण मी त्या रविवारचं सांगत होते. परतीच्या एसटीत मला खिडकीशी जागा मिळाली. कागल गेलं असेल. त्या महिनाभरात मी कधी, कुठल्या वेळी, कसं म्हणू शकले असते, ते मी मनात लावून बघत होते. जेवताना म्हणता आलं असतं. निघताना दारात तर नक्कीच म्हणता आलं असतं. माझ्याही नकळत मी ते मोठ्यानं म्हणाले.

"काका, जाऊ नका."

शेजारी मांडीवर बोचकं घेऊन एक म्हातारी बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"कोन गेलं गं बाई तुजं?" तिनं विचारलं.

कोल्हापूर येईपर्यंत तिनं हात काढला नाही.